लसणाच्या पातीचा रंग

"घासण्याच्या भानगडीत पडू नकोस," मेंग तांडेल म्हणाला. "वरून दोन हात मार आणि सोडून दे. निळा. चांगला गडद निळा."

दुहो होडीभोवती फिरत होता. विंचने ओढून वर घेतलेली होडी ठोकळ्यांवर टेकली होती आणि तिच्या बुडातून अजून पाणी ठिबकत होतं. फायबरची पांढरी होडी, चौदा हात लांब. बुडाला शिंपल्यांचा बोटभर थर होता, पण वरच्या अंगाला रंग बरा होता. निदान लांबून तरी बरा दिसत होता.

"न घासता रंग धरेल कसा? दोन महिन्यांत पापुद्रे सुटतील. मग तुम्हीच बोंबलत याल."

"सुटू देत. चांद्र नववर्षाच्या आधी मला होडी पाण्यात पाहिजे."

"आणि निळी कशाला? एवढी वर्षं पांढरी होती की."

"बायको म्हणते निळी कर." हे बोलताना तांडेलाने तोंड समुद्राकडे वळवलं. "तू फार चौकशा करतोस, दुहो. रंगारी आहेस का पोलीस?"

तो गेला. दुहो हातातली खरवडायची पत्री तशीच धरून त्याच्या पाठीकडे पाहत राहिला. तांडेल त्रेसष्ट वर्षांचा होता आणि आजवर त्याने बायकोला विचारून गळाची दोरीसुद्धा बदलली नव्हती. दर दोन वर्षांनी होडी रंगवायला आणायचा तेव्हा शेजारी उकिडवा बसायचा आणि बोटाने दाखवायचा, इथं अजून घास, तिथं अजून घास. घासल्याशिवाय रंग मारणाऱ्याला तो भिंत रंगवणारा म्हणायचा. तोच माणूस आज म्हणत होता, घासू नकोस.

दुहोला शंका आली. गेले नऊ महिने त्याच्या यार्डात प्रत्येक होडी वर आली की ती यायची, पण इतकी कधी नाही.

दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगपासून बोटीने पाऊण तासावरचं ते बेट. खाडीच्या कडेला तीस घरं, अठ्ठावीस होड्या, आणि खाडीच्या टोकाला पत्र्याच्या छपराखाली दुहोचं यार्ड. एकोणिसाव्या वर्षी हातात ब्रश घेतला होता, आता छप्पन्न पूर्ण झाली होती. मधे कधीतरी ब्रश जाऊन रंग फवारायची गन आली, लाकूड जाऊन फायबर आलं. लाकडी होड्या गावात तीनच उरल्या होत्या. पिलसूची गेली तेव्हा दोन. थिनरने दुहोचं नाक गेलं होतं. बायकोच्या हातचं माशाचं कालवण नुसतं तिखट लागायचं, वास येत नव्हता. पण डोळे शाबूत होते. एखाद्या होडीवर कुठला थर कुठल्या सालचा हे तो कडेचा टवका बघून सांगायचा.

पिलसू त्याचा मित्र. तीन वर्षांनी मोठा, म्हणून दादा म्हणायचा. गेल्या एप्रिलमध्ये पहाटेच्या धुक्यात पिलसू आपली लाकडी होडी घेऊन पलीकडच्या खडकापाशी ऑक्टोपस धरायला बुडवून ठेवलेली मडकी उचलायला गेला आणि परत आला नाही. दुपारी मेंग तांडेलाला त्याची होडी सापडली, अर्धी पाण्यात गेलेली. पिलसू चौथ्या दिवशी कालवं वाढवायच्या तराफ्यांच्या दोरांत अडकलेला सापडला. होडीला पाण्याच्या रेषेशी भोक होतं. तांडेल म्हणाला, कुणीतरी धुक्यात ठोकून पळालं. चौकीवाल्यांनी येऊन पाव तास होडी बघितली आणि तेच लिहून नेलं. त्या आठवड्यातच तांडेलाने मागच्या वाळूवर होडी जाळून टाकली. पिलसूच्या बायकोच्या नजरेला सारखी सारखी पडायला नको, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

तेव्हापासून दुहो शोधत होता. पिलसूच्या होडीचा रंग त्याने स्वतः बनवला होता. तीन उरलेले डबे, थोडा पिवळा, थोडा हिरवा, जरासा पांढरा. वसंतात लसणाची पात जमिनीतून वर येते ना, तसा कोवळा हिरवा. कुठे मापं लिहिलेली नव्हती. तसा रंग जगात दुसऱ्या कुठल्या होडीला नव्हता. ज्याने ठोकलं असेल त्याच्या होडीला तो लागलाच असणार. म्हणून कुणाचीही होडी वर आली की दुहो आधी ओला पॉलिश पेपर घेऊन तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, घासायचा. या गावच्या, शेजारच्या बेटाच्या, एकदा तर पोस्टाच्या बोटीची सुद्धा. लोक हसायचे. "आला कस्टमवाला," म्हणायचे. एकतीस होड्या झाल्या, काही सापडलं नाही.

तांडेल दिसेनासा झाल्यावर दुहोने बादलीत पाणी घेतलं.

नाळेपासून सुरुवात केली. जानेवारीचं पाणी, बोटं लगेच बधिर झाली. नाळ स्वच्छ होती. पांढरा, त्याखाली जुना पांढरा, त्याखाली फायबर. डावी बाजू स्वच्छ. उजव्या बाजूला मधोमध आला आणि हात थांबला. दोन हात लांबीच्या पट्ट्यात रंगाचा पोत वेगळा होता. गनचा रंग काचेसारखा बसतो; इथे केसांच्या रेघा होत्या. कुणीतरी ब्रशने फासला होता, तोही स्वस्तातला, दुकानातला घरगुती पांढरा.

दुहोने पेपर ओला केला आणि हळूहळू गोल फिरवू लागला. दुधासारखं पाणी ओघळलं. मग त्या दुधात हिरवी छटा आली.

त्याने बाहीने पुसलं. पांढऱ्याखाली, फायबरच्या चऱ्यांत बसलेला, लसणाच्या पातीचा रंग.

तो खाली बसला. पाणी पँटमध्ये शिरलं ते कळलंही नाही. आणि त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते संताप नव्हता, दुःखही नव्हतं. त्याला हायसं वाटलं. इतकं हायसं, जणू छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला.

कारण त्या होडीबद्दलची एक गोष्ट दुहोने कुणाला सांगितली नव्हती.

मार्चमध्ये पिलसूने होडी वर आणली तेव्हा पाण्याच्या रेषेशी एक फळी मऊ लागली होती. दुहोने टोच्या दाबला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. "दादा, फळी बदलायला लागेल. चार दिवस लागतील," तो म्हणाला. पिलसू म्हणाला, "चार दिवस? आत्ता मडकी टाकायचे दिवस आहेत मेल्या. भर की काहीतरी. शरदात बदलू." दुहोने एकदा नापसंतीने मान हलवली. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. कुजलेला भाग कोरून काढला, पुट्टी भरली, घासली, वरून प्रायमर आणि तीन हात हिरवा. पिलसू हात फिरवून म्हणाला होता, "कुठं होतं तेसुद्धा कळत नाही." आणि दुहोला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्या हाताचा अभिमान वाटला होता.

नंतर होडी वाळूवर पडली होती ते तीन दिवस दुहो इतरांबरोबर पिलसूला शोधत समुद्रात होता. पण रोज संध्याकाळी परत येत होता. जाऊन भोक बघता आलं असतं. तो गेला नाही.

आता गरजच उरली नव्हती. ठोकणारा सापडला होता.

*

त्या संध्याकाळी योकजीवाली वहिनी दुहोकडे जेवायला आली होती. पिलसूची बायको, योकजी बेटावरून लग्न होऊन आली म्हणून सगळे तिला योकजीवालीच म्हणायचे. नवरा गेल्यापासून ती ज्या घरी होडी आहे त्या घरचं पाणी पीत नव्हती. या गावात होडी नसलेलं घर शोधायचं म्हणजे दुहोचंच. तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा कालवांच्या शेडमधलं काम आटपलं की ती तिथून सरळ यायची, दुहोच्या बायकोच्या, मालसूनच्या शेजारी खालून तापवलेल्या गरम जमिनीवर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि समुद्री शेवाळाच्या सुपात भात कालवून खायची.

"कुणाची वर घेतलीत, भावोजी?" तिने विचारलं. हा प्रश्न ती प्रत्येक वेळी विचारायची.

"मेंग तांडेलाची."

चमचा क्षणभर थांबला. "नीट बघितलीत ना?"

"वहिनी, आधी जेवा हो," मालसून म्हणाली. "रोज रोज तेच काय! मेंग तांडेल म्हणजे काय परका आहे का? खांदा दिला त्यानं."

"खांदा कुणीही देतं गं. खांदा द्यायला काय लागतं?" योकजीवालीने मुळ्याची आंबट-तिखट किमची ताटात ओढली. "त्याची बायको माझ्याच गावची. एका विहिरीवर पाणी भरलं आम्ही. आता रस्त्यात समोर आली की मी दुसऱ्या बाजूनं जाते. रडते बिचारी. मला काय हौस आहे? पण मी तिच्या घरात बसले आणि तिच्या नवऱ्यानंच..." तिने मुळ्याचा तुकडा चमच्याने मोडला. मग पुन्हा दुहोकडे वळली. "तुम्ही बघताय ना?"

"बघतोय," दुहो म्हणाला.

तांडेलानंच ठोकलं, हे त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. पण जिभेच्या टोकावर आणखीही काहीतरी होतं आणि ते त्याला ओळखायचं नव्हतं. ठोकल्याची खूण नाळेवर असते, बाजूला नाही. आणि ती एका दिशेची, खोल असते. ही खूण बाजूला होती, उथळ होती. वरखाली, वरखाली घासल्यासारख्या शेकडो बारीक कमानी होत्या. सदतीस वर्षांच्या सरावाच्या त्याच्या डोळ्यांनी ते यार्डातच पाहिलं होतं. त्याने डोळ्यांना गप्प केलं. तांडेलाने होडी ओढून आणली होती खरी, पण दोरीने. वळणावरून येताना दुहोने स्वतः पाहिलं होतं, दोन होड्यांत वीस हात दोरी होती. वीस हातांवरून रंग लागत नाही. मग लागला कुठून? आणि निर्दोष माणूस ब्रशने रंग का लपवेल?

"जेवा की," मालसून त्याला म्हणाली. "तुम्हाला काय झालं? तोंड का असं?"

"थिनर चढलाय."

"चढणारच. मास्क लावत नाही म्हातारा."

*

दोन दिवस त्याने रंगाला हात लावला नाही. वारा आहे म्हणाला. तिसऱ्या दिवशी वारा अजिबात नव्हता, तेव्हा हवेत ओल आहे म्हणाला. त्या वेळात त्याने काय केलं? धक्क्यावर जाऊन बर्फवाल्याला विचारलं, त्या धुक्याच्या दिवशी तांडेलाने बर्फ किती वाजता घेतला. बर्फवाला म्हणाला, नऊ महिन्यांपूर्वीचा बर्फ कुणाच्या लक्षात राहतो. मग तो तांडेलाच्या घरावरून दोनदा गेला. तांडेलाची बायको अंगणात मासे वाळत घालत होती. "आत ये की, चहा घे," ती म्हणाली. तो नको म्हणाला. तिचे डोळे लाल दिसले. का लाल? तिला माहीत असेल. नक्कीच माहीत असेल. रात्रभर नवऱ्याशेजारी झोपते, तिला माहीत नसेल तर कुणाला?

तांडेल जाळी विणत बसला होता. दुहोकडे पाहून त्याने मान खाली घातली. तेही दुहोच्या नजरेतून सुटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तांडेल स्वतः यार्डात आला.

"वारा कुठाय? मला दाखव कुठाय वारा! सिगारेटचा धूर सरळ वर जातोय आणि तू..."

बोलता बोलता तो होडीच्या उजव्या बाजूला आला. तिथे दोन हात लांबीचा पांढरा निघाला होता आणि हिरवा उघडा पडला होता. तांडेलाचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"सांगितलं होतं घासू नकोस," तो हळूच म्हणाला.

"का सांगितलं होतं, ते आता कळलं." दुहोने ते वाक्य तीन दिवस मनात घोटलं होतं. "नऊ महिने ती बाई प्रत्येक होडीकडे बघत धक्क्यावर उभी राहते. तुम्ही तिच्या नवऱ्याला खांदा दिलात. तिच्या समोर रडलात. लाज कशी वाटली नाही?"

तांडेलाने एक ठोकळा पायाने ओढला आणि त्यावर बसला.

"तुला काय वाटतं, मी ठोकलं?"

"रंग बोलतोय. मी बनवलेला रंग आहे तो."

"तुझाच आहे. कुणी नाही म्हटलं?" तांडेलाने सिगारेट विझवली आणि थोटूक खिशात टाकलं, थिनरच्या डब्यांजवळ तो कधी थोटूक टाकत नसे. "होडी सापडली तेव्हा काठ पाण्याला टेकले होते. दोरीनं ओढली असती तर तिथंच तळाला गेली असती. म्हणून माझ्या होडीच्या अंगाला चिकटून बांधून घेतली. दीड तास मी उपसत होतो. लाट बारीक होती पण थांबत नव्हती, दोन्ही होड्या एकमेकींना घासत होत्या, करकर करकर. भोकात माझा कोट कोंबला. आतल्या पाण्यात आल्यावर मग दोरी लावली. ते तू पाहिलंस. आधीचं कुणी पाहिलं नाही."

दुहो उभाच होता.

"भोक," तो म्हणाला. "भोक कसं होतं?"

"विचारू नकोस."

"कसं होतं?"

"ठोकलेलं असतं तर फळी आत गेली असती, दुहो. चिरफळ्या उडाल्या असत्या. तुला हे मी शिकवायचं का? तिथं नुसती लांबट खिडकी होती. आणि कडेकडेनं पुट्टी. भांड्याच्या बुडाला भाताची खरवड राहते ना, तशी."

कॉम्प्रेसर बंद होता. खाडीत कुणाचं तरी इंजिन दोनदा खोकून सुरू झालं आणि लांब गेलं.

"मी चाकूनं ती खरवडून काढली," तांडेल म्हणाला. "सगळी. मग चौकीवाले आले. म्हटलं, कुणीतरी ठोकून पळालं. आणि होडी जाळली."

"का?"

"का म्हणजे? एक मेला होता. आणखी एकाला कशाला मारायचं?" त्याने नाक शिंकरलं. "आणि पिलसूला मी ओळखत नाही होय? चार दिवस होडी वर ठेव म्हटल्यावर तो काय म्हणाला असेल ते मी तुला त्याच्या आवाजात म्हणून दाखवतो. पण तू मग वेड्यासारखा कुत्र्यागत प्रत्येक होडी हुंगत सुटलास. मी मे महिन्यात ब्रश मारून ठेवला. आता तो सुटायला लागला. दुसरीकडे नेली असती तर गाव म्हणालं असतं, दुहोकडे का नाही. म्हणून म्हटलं, न घासता मार. इतकं साधं काम सांगितलं होतं तुला."

"वहिनीला..."

"कुणाला माहीत नाही. माझ्या बायकोलाही नाही. ती रोज रडते, योकजीवाली बोलत नाही म्हणून. रडू दे. सवय होईल." तो उठला. "तूही गप्प बस. होडी रंगव, निळी."

*

दुसऱ्या दिवशी दहाला ऊन होडीच्या अंगावर आलं आणि रात्रीची ओल उडाली. दुहोने उजवी बाजू घासून फायबरपर्यंत नेली. हिरव्याचा कण ठेवला नाही. चरे होते तिथे पुट्टी भरायची वेळ आली तेव्हा चमच्यावर घेतलेली पुट्टी हातात तशीच वाळून दगड झाली. त्याने ती फेकली आणि नवी कालवली. चरे अगदी उथळ होते, भरायला काही हरकत नव्हती, तरी त्याने प्रत्येकात आधी टोच्या घालून पाहिला.

पाण्याच्या रेषेला टेप लावली, खाली वर्तमानपत्रं चिकटवली. प्रायमरचा हात मारून वाळू दिला. मग निळा ओतला, मालसूनच्या जुन्या पायमोज्यातून गाळला, थिनर घातला, काडीवरून थेंब कसे पडतात ते मोजलं. तोंडाला व्हॅसलीन फासलं, डोक्याला टोपडं बांधलं आणि नाकातोंडावर मास्क चढवला. पुठ्ठ्यावर एक फवारा मारून तो पंख्यासारखा नीट पसरतो का ते पाहिलं.

नाळेपासून सुरुवात केली. दीड वीत अंतर, मनगट न हलवता, सगळं अंग घेऊन चालत जायचं. फवारा होडीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. एक पट्टा, त्याच्यावर अर्धा चढवून दुसरा. गनचा सूं आवाज एकसारखा राहिला पाहिजे. तो जाड झाला की ओघळ आलाच म्हणून समजावं. इतकी वर्षं या आवाजात त्याला कसली आठवण येत नसे, कसली काळजी वाटत नसे. आज तो उजव्या बाजूला आला आणि त्याला दिसलं की एका फेऱ्यात सगळं दिसेनासं होतंय. तो चालत होता आणि त्याच्या मागे सगळं नवं होत होतं, सारखं, चकचकीत. कुठं काय होतं तेसुद्धा कळत नव्हतं.

तो टोकाला पोचला, गन टांगली आणि मास्क काढला. मग शेजारच्या ठोकळ्याला धरून ओकला.

दुपारी दुसरा हात मारला. रंग इतका चांगला बसला होता की त्याला स्वतःचाच राग आला. हातपाय धुतले, तोंडावरचं व्हॅसलीन रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि तो कालवांच्या शेडकडे निघाला.

शेडच्या मागे शिंपल्यांचा डोंगर होता. योकजीवाली टोपली उपडी करायला बाहेर आली तेव्हा तो तिथे उभा होता. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात मोजे, बोटात कालवं फोडायची चपटी सुरी.

"सापडलं?" तिने विचारलं. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिने ओळखलं होतं. "मेंग का?"

"नाही. कुणी ठोकलं नाही, वहिनी."

त्याने सगळं सांगितलं. मऊ फळी, टोच्या, पुट्टी, तीन हात रंग. पिलसू काय म्हणाला तेही सांगितलं; मग त्याला वाटलं की त्यामुळे दोष वाटून दिल्यासारखा होतोय, म्हणून पुढे म्हणाला, "पण सांगायला पाहिजे होतं ते मी परत सांगितलं नाही. नको म्हणालो असतो तर त्यानं होडी नेली नसती." मेंग तांडेलाने काय केलं तेही सांगितलं. तांडेलाने गप्प बसायला सांगितलं होतं, पण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला काही अर्थ नव्हता.

ती ऐकत होती. टोपली कमरेला टेकवलेली होती. आतून बायकांच्या हसण्याचा आणि शिंपले फुटण्याचा आवाज येत होता.

"पुट्टीचं काम उरकायला किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"एक दिवस."

"आणि फळी बदलायला?"

"चार."

"चार दिवस." ती शिंपल्यांकडे बघत होती. "चार दिवस घरात बसून माझं डोकं खाल्लं असतं त्यानं. हे कुठाय, ते कुठाय. चार दिवसांत मी वेडी झाले असते."

दुहोने पायाशी आलेला शिंपला उचलून ढिगावर टाकला.

"त्या दिवशी तो गेल्यावर मी खुशीत होते," ती म्हणाली. "घर शांत झालं म्हणून."

मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "नऊ महिने मी एकेका दारात बघत होते. ह्यानं मारला का, त्यानं मारला का. आणि जेवत होते तुमच्याकडे."

"हो."

"मालसूनला माहीत आहे?"

"आता जाऊन सांगतो."

तिने टोपली उपडी केली. शिंपले खडखडत घरंगळले. रिकामी टोपली उचलून ती आत गेली आणि दार तिने मुद्दाम आपटलं नाही, नेहमीसारखंच लावलं.

त्याने मालसूनला सांगितलं. ती त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "चौकीवर जाणार असाल तर तो जाड कोट घाला. बोटीत थंडी वाजते." तो गेला. तिथल्या माणसाने लिहून घेतलं, दोनदा नाव विचारलं आणि कळवू म्हणाला.

तांडेल होडी न्यायला आला तेव्हा निळ्या रंगावरून बोटाची नखं फिरवत संबंध होडीभोवती फिरला. "जीभ आवरत नाही तुझी," एवढंच म्हणाला. होडी पाण्यात सोडताना मात्र नाळेवर तांदळाची दारू ओतून उरलेला वाडगा त्याने दुहोच्या हातात दिला.

*

नव्या वर्षाच्या सकाळी गावातली माणसं नवे कपडे घालून घरोघर वडीलधाऱ्यांच्या पाया पडत फिरत होती. मालसूनने भाताच्या वड्यांचं सूप करून ठेवलं होतं. वहिनीसाठी एक वाटी जास्तीची मांडली होती. दहा वाजले, अकरा वाजले. गल्लीतून लोक येत होते, बसत होते, जात होते.

"येईल का हो?" मालसूनने विचारलं.

"नाही येणार."

"थोडं थांबू या."

"थांब. पण येणार नाही."

तिने वाटी उचलली नाही. दुहो कोट चढवून बाहेर पडला. मेंग तांडेल त्याच्याहून मोठा, त्याच्या पाया पडायला जायलाच हवं होतं. फाटकातून आत शिरला तर अंगणभर काहीतरी तळल्याचा धूर होता. दाराशी पायरीच्या दगडावर चपला-बुटांची गर्दी होती. त्यात एका कडेला करड्या रंगाची बायकी रबरी जोडी होती, टाचेशी घासलेली, डावीला शिवण घातलेली. नऊ महिने ती त्याच्याच उंबऱ्याशी पाहिली होती. ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

आतून दोन बायकांचं एकदम बोलणं ऐकू येत होतं. दोघींच्या बोलण्यात योकजीचा हेल होता. एकीचं वाक्य दुसरी तोडत होती. मग वाटीत चमचा फिरल्याचा आवाज आला.

"कोण आहे? आत या!" तांडेलाने आतून हाक दिली.

ती करडी जोडी आत शिरताना घाईत काढल्यासारखी पडली होती, एक उताणी, एक आडवी. दुहो खाली वाकला. दोन्ही उचलल्या, हाताने वरची माती झटकली आणि दगडाच्या कडेला, बाहेर पडताना पाय सरळ घालता येतील अशा, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट ठेवल्या. मग कुणी दार उघडायच्या आत तो फाटकाबाहेर पडला.